किचनच्या दारावरचं शून्य

आई, गेले काही आठवडे मी एका किचनच्या दारापाशी अडकून पडले होते. खरं किचन नव्हे, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं. पण तू पाहिलं असतंस तर पहिल्या नजरेत म्हणाली असतीस, "आगं, हे तर आपलंच कॅन्टीन!" भिंतीला लागून ओळीनं तवे, बाजूला भाजीचे मोठे बर्नर, वर धूर ओढणारा पत्र्याचा हुड, कोपऱ्यात भांडी घासायचा हौद आणि समोर एकच दार. कंपनी तू चपात्या करायचीस ती नव्हे, चाकणच्या पलीकडची. पण कंपन्यांची किचनं एकाच साच्यातून काढल्यासारखी असतात, हे तुला मी काय सांगायचं! तिथं माणसं वाढणार होती, म्हणून किचन वाढणार होतं आणि तव्यांपुढे उभ्या राहणाऱ्या बायकाही वाढणार होत्या. त्या बायकांनी धुरातच उभं राहायचं, की त्यांच्यासाठी भिंत फोडून हवेची वाट करायची, हे आमच्या ऑफिसच्या रिपोर्टवर ठरणार होतं. तो रिपोर्ट माझ्याकडे आला.

मी पोटापाण्यासाठी काय करते हे तुला कधी सांगायलाच मिळालं नाही. तू गेलीस तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या मधल्या वर्षाला होते आणि तू वस्तीत सगळ्यांना "पोरगी कॉम्प्युटरचं शिकतीया" म्हणून सांगत होतीस. मी चिडायचे. आई, मेकॅनिकल आहे गं ते. तू म्हणायचीस, "असंल. लोकायला कॉम्प्युटर तेवढं कळतंय." शेवटी तूच खरी ठरलीस बघ. मी दिवसभर कॉम्प्युटरपुढेच बसते आणि हवा कुठून कुठं जाते ते काढते. कधी गाडीच्या एसीतली, कधी पेंटशॉपमधली, कधी पंपातलं पाणी. "हवा काय काढायची असती का?" असं तू नक्की म्हणाली असतीस. काढायची असते. आधी खोली काढायची, भिंती, हुड, तवे, सगळं. मग त्या खोलीच्या प्रत्येक कडेवर काय आहे ते सॉफ्टवेअरला सांगायचं. भिंत असेल तर भिंत, पंखा असेल तर पंखा. आणि जिथून हवा आपसूक येते-जाते, दार म्हण, खिडकी म्हण, तिथं दाब सांगायचा. बाहेरच्या मोकळ्या हवेइतकाच दाब असेल तर लिहायचं शून्य. शून्य म्हणजे काही नाही असं नव्हे. शून्य म्हणजे इथं बाहेरचं जग सुरू होतं, इथून हवी तेवढी हवा मिळेल. कडांवर जे लिहिशील त्यावर आतलं सगळं ठरतं. कडेवर खोटं लिहिलं तरी सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही, त्या खोट्याचं अगदी बिनचूक उत्तर काढून देतं.

तसंच झालं. ड्रॉइंगमध्ये दार उघडं दाखवलेलं होतं, तळहात उघडून ठेवल्यासारखं ऐसपैस. मी तिथं शून्य टाकलं. विचारसुद्धा केला नाही, हात सवयीनं चालला. आमच्या धंद्यात दार दिसलं की शून्य, हे आम्ही झोपेतही टाकू. निकाल आला तो इतका देखणा की बघत राहावं. दारातून रुंद, संथ हवा आत येतेय, तव्यांपुढच्या बायकांच्या अंगावरून जातेय, धूर सरळ उठून हुडात शिरतोय. आमचे सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मस्त! नवीन काही करायलाच नको. पाठवून दे, कस्टमर खूश होईल." मी पाठवणार होतेच. जाता जाता पडद्यावरचं ते दार पुन्हा एकदा बघितलं आणि मला तुझं दार आठवलं.

शाळा सुटली आहे. मी कुरुळीच्या रस्त्यानं धुळीतून दप्तर हलवत येतेय. कॅन्टीनच्या मागच्या फाटकावरचा वॉचमन मला ओळखतो, हातानंच जा म्हणतो. सिलेंडरच्या जाळीशेजारी एक कट्टा आहे, तिथं बसायचं. समोर तुमच्या किचनचं लोखंडी दार, बाहेरच्या बाजूला उघडणारं. ते कायम बंद असायचं, कारण रस्त्यावरून कंटेनर गेला की धुरळा आत येणार, माश्या येणार, कुत्री येणार. पण माझ्या येण्याच्या वेळेला ते तळहाताएवढं उघडं असायचं. फटीत फुटक्या पोळपाटाचा एक तुकडा खुपसलेला असायचा. त्या फटीतून आधी तुझा डोळा दिसायचा, मग पिठाचा हात बाहेर यायचा, हातात चटणी लावून गुंडाळलेली चपाती. "आली का गं? खा. आन् बस तिथंच, हिंडू नको." सुपरवायजर यायचा, ओरडायचा, "बाई, दार लावा, किती वेळा सांगायचं!" तू "व्हय साहेब" म्हणून तुकडा काढायचीस. दार धाडकन लागायचं. त्याची पाठ वळली की दार कण्हल्यासारखा आवाज करत पुन्हा तेवढंच उघडायचं आणि तुझी चप्पल तो तुकडा सरकवताना दिसायची. तू कुणाचं ऐकून घेणारी नव्हतीसच. वरवर हो म्हणायचं आणि आपलंच खरं करायचं, ही तुझी कला मला पुरती आली नाही, मी आपली तोंडावर बोलून वाईट होते.

एकदा खेळता खेळता मीच तो तुकडा ओढून काढला. दार असं जोरात लागलं की मी मागे पडले. उठून दोन्ही हातांनी कडी ओढू लागले तर दार हलेना. कडी लावलेली नव्हती, कुलूप नव्हतं, तरी आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं ते घट्ट बसलं होतं. मला वाटलं, आता तू आतच राहणार. मी भोकाड पसरलं. तू आतून खांदा लावून दार ढकललंस, बाहेर आलीस, माझ्या पाठीत एक धपाटा घातलास, "परत हात लावलास तर हात मोडीन!" आणि लगेच मला पोटाशी धरलंस. तुझ्या लुगड्याला जळलेल्या पिठाचा वास होता. तू खूप खोकत होतीस आणि तुझं अंग चुलीवरनं उतरवल्यासारखं गरम होतं.

दार असं का बसतं ते आता मला कळतं. हुडाचा पंखा आतली हवा बाहेर फेकतो, बदल्यात आत यायला वाट नसते, मग खोलीतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा दाराला आत दाबून धरते. पंख्यालाही ओढायला हवा उरत नाही. तो नुसता गरगरतो आणि हुडापर्यंत गेलेला धूर काठावरून वळून खाली, तोंडावर येतो. तू फट ठेवायचीस ती काही हवेसाठी नव्हे. हवेचं तुझ्या डोक्यातही नव्हतं. तुला फक्त मी दिसायला हवी होते. तेवढ्या वेळापुरती तुला आणि तुझ्याबरोबरच्या बायकांना हवा मिळायची ती त्या निमित्तानं. सुट्टीत मी गावी गेले की तो तुकडा तू लावत नसशील, हे मला त्या दिवशी ऑफिसात बसल्या बसल्या सुचलं. तुझ्या छातीचं नेमकं काय झालं ते डॉक्टरांनी तेव्हा धड सांगितलं नाही. मीही आता कुणावर बोट ठेवत नाही. पण एक आठवतं. वैशाखी पौर्णिमेला विहारापुढे उघड्यावर चूल मांडून तू खिरीचं मोठं पातेलं ढवळायचीस, तेव्हा तू गायचीस. मोठ्यानं, बेसूर, शब्द चुकवत. कॅन्टीनच्या फटीतून मला तुझं गाणं कधीच ऐकू आलं नाही.

मी रिपोर्ट पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी सरांना म्हणाले, मला ते किचन बघून यायचंय. तिथं कॅन्टीनचा ठेकेदार भेटला, जुन्या गावातला माणूस, जमीन कंपन्यांना गेल्यावर कॅन्टीनच्या धंद्यात पडलेला. दार बंद होतं. मी विचारलं, हे कायम असंच असतं का? तो म्हणाला, "मंग काय ताई, उघडं कसं ठिवायचं? रस्ता बघितला न्हाई का? आमी काय हौसंनं लावतो व्हय!" मी दार ओढलं आणि माझ्या हातांना ते ओळखीचं वाटलं. आत एक बाई तोंडाला पदर लावून चपात्या उलटत होती. बोलण्यावरून आपल्याच गावाकडची. मी विचारलं, त्रास होतो का हो धुराचा? ती हसली. "सवय झाली माय. रविवारी घरी असले की खोकला येत न्हाई, मंग करमत न्हाई." तिच्याबरोबरच्या सगळ्याजणी हसल्या. मलाही हसू आलं आणि त्याच वेळी तिथून पळून जावंसं वाटलं.

परत येऊन मी दारावरचं शून्य पुसलं. तिथं भिंत केली, खाली बोटभर फट ठेवली, तुझ्या त्या दारालाही होती तशी. मग शून्य टाकायचं कुठं? ते मी बाहेर नेलं. दारापुढचं अंगण काढलं, फाटकापर्यंतचं, आणि त्या अंगणाच्या पार कडेला शून्य लिहिलं, जिथं खरंच मोकळी हवा आहे. आता दारात दाब किती ते मी सांगायचं नव्हतं, ते सॉफ्टवेअरनंच शोधायचं होतं. त्या कडेवर आणखी एक रकाना असतो. गेलेलं काही इथून परत आत आलं तर ते किती गरम असेल, ते आधी सांगून ठेवावं लागतं. एरवी मी तो धडाधड भरते. त्या दिवशी बराच वेळ नुसती बघत बसले, तुझी इतकी आठवण आली. मग बाहेरच्या हवेचं तापमान टाकून पुढे गेले. निकाल आला. दाराच्या आत दाब उतरलेला, पंखा दम लागल्यासारखा, आणि धूर हुडाच्या काठावरून वळून बरोबर बायकांच्या तोंडाशी येऊन थांबलेला.

सरांनी कपाळाला हात लावला. "ड्रॉइंगमध्ये दार उघडं आहे ना? आपण ड्रॉइंगप्रमाणे केलं. उगाच खाजवून खरूज कशाला काढायची?" मी म्हटलं, सर, ड्रॉइंगमध्ये माश्या नसतात. तसा माणूस वाईट नाही, फक्त कस्टमरला घाबरतो. शेवटी म्हणाले, "दोन्ही निकाल दाखव. पण बोलायचं तू, मी मध्ये पडणार नाही."

मीटिंगमध्ये प्लांटच्या साहेबांनी दोन्ही चित्रं पाहिली आणि म्हणाले, "सोपं आहे. दार उघडं ठेवा म्हणून पाटी लावू." ठेकेदार खुर्चीतच उसळला. "साहेब, पाटी लावायला काय जातंय? धूळ पिठात जाती. घासात खडा आला की तुमचीच माणसं माझ्या नावानं शंख करत्यात. आन् तवा तुमीच दार लावायला सांगता." साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, पण एवढा फरक? एका दारानं? कॉम्प्युटर काय, काहीही दाखवतो." इतका वेळ मी धीर धरला होता, आई. आकडे सांगून झाले होते, रंग दाखवून झाले होते. मी लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, साहेब, चला, ते दार उघडून बघा.

आम्ही सगळे मागच्या अंगणात गेलो. साहेबांच्या एका हातात फोन होता. दुसऱ्या हातानं त्यांनी कडी ओढली. दार हललं नाही. त्यांना वाटलं आतून बंद आहे, त्यांनी थाप मारली. आतून आवाज आला, "उघडंच हाय, ओढा की!" त्यांनी फोन खिशात घातला, पाय रोवला आणि दोन्ही हातांनी हिसका दिला. दार सुटलं तशी बाहेरची हवा आमच्या पाठीमागून अशी आत घुसली की बर्नरच्या ज्योती आडव्या झाल्या आणि परातीतलं पीठ उडालं. बायका ओरडल्या. साहेबांच्या चष्म्यावर पीठ बसलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, दार एकदा लावलं, पुन्हा उघडून बघितलं. मग सरांना विचारलं, "पलीकडच्या भिंतीत खिडकी करायची तर कुठं?" मी तिथं, त्या दारात, जवळजवळ रडणार होते. माझ्या डोळ्यांपुढे कडी ओढणारी ती शाळकरी पोर होती आणि एवढ्या वर्षांनी कुणीतरी तिच्या हाताला हात लावला होता.

खिडकी झाली. रस्त्याच्या उलट अंगाला, झाडांच्या बाजूला, तव्यांच्या खालच्या उंचीवर, धूळ अडवणारी जाळी लावून. गेल्या आठवड्यात मी बघून आले. दार बंदच होतं, पण एका हातानं उघडलं. आत गाणं-बिणं कुणी म्हणत नव्हतं, एवढं गोड काही नसतं. बायका भांडत होत्या, खिडकीजवळचा तवा आज कुणाचा यावरून, तावातावानं. त्या पदरवालीचा पदर खांद्यावर होता आणि तिचा आवाज सगळ्यात मोठा होता. भांडायलाही छातीत दम लागतो. मी थोडा वेळ ऐकलं. तू असतीस तर तो तवा तूच पटकावला असतास आणि वर दुसरीला सांगितलं असतंस, "मला वाऱ्यानं सर्दी होती, पन आता काय करावं, घेते बाई." मला तू तिथं हवी होतीस. एकच दिवस, एकच तास, त्या खिडकीपुढे. सगळे म्हणाले छान काम झालं. इतरांच्या आयांना हवा मिळाली याचा आनंद खोटा नाही, पण तो माझी भूक भागवत नाही, हे तुला सोडून कुणाला सांगू?

आज रविवार आहे. पुनावळ्यातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून हे लिहितेय. समोर जिथं शेत होतं तिथं आणखी एक टॉवर चढतोय आणि घरातले विचारताहेत, एवढं काय लिहितेस. ऑफिसचं, असं सांगितलं. हे पत्र टाकायला जागा नाही, ते ऑफिसच्या बॅगेत तसंच राहील. पण एक गोष्ट सरांना सांगितलेली नाही ती तुला सांगते. मॉडेलमध्ये तव्यांपुढे माणसांच्या जागी आम्ही साधे ठोकळे उभे करतो, सगळे सारख्या उंचीचे. शेवटच्या तव्यापुढचा ठोकळा मी थोडा बुटका केला. तू माझ्या खांद्याला लागायचीस, म्हणून टेप घेऊन स्वतःच्या खांद्यापर्यंत मोजलं आणि ती उंची टाकली. रिपोर्ट तसाच गेला, कुणाच्या लक्षात आलं नाही. काम संपल्यावर त्या फाइलची एक प्रत मी माझ्याकडे ठेवली. तिच्यात नवी खिडकी नाही. दार तळहाताएवढं उघडं आहे. अधूनमधून ती चालवते, फटीतून हवा तुझ्या तोंडापर्यंत येते का बघते. येते. आणि बाहेर, अंगणात, सिलेंडरच्या जाळीशेजारी मी आणखी एक लहान ठोकळा ठेवलाय, बसलेला, दाराकडे तोंड करून. त्यानं हवेत काडीचाही फरक पडत नाही. तरी तो मला काढवत नाही.